कोरियात चहा करायला जाताय? रवा भाजल्यासारखा भाजू नका

बुसानमध्ये राहायला आल्यापासून दर वसंतात माझ्याकडे पाहुणे येतात. 'एक दिवस मळ्यात जाऊ, आपल्या हातानं ग्रीन टी करू' म्हणतात आणि त्याच त्या चुका करतात.

फोटो हवे असतील तर बोसाँगला जा, तिथल्या हिरव्या रांगा बघत राहाव्यात अशा आहेत. चहा करायचा असेल तर मी हादोंगलाच नेते. ८२८ साली चीनहून आलेलं चहाचं बी चिरीसान डोंगरात लावल्याची जुनी नोंद आहे. इथल्या ह्वागे खोऱ्यात अजूनही घरोघरी कढईत चहा भाजतात.

जुलैत येऊन कोवळी पानं मागू नका. २० एप्रिलच्या आधीचा खुडा म्हणजे 'उजॉन', ५-६ मेपर्यंतचा 'सेजाक'. पुढे पान जाड होत जातं. आणि त्या दिवशी अत्तर, हँडक्रीम काही नको. चहा सगळे वास ओढून घेतो.

खुडलेली पानं प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका. आत ती तापतात, चिरडतात आणि कापलेल्या सफरचंदासारखी लाल पडायला लागतात. टोपली घ्या, वर हात दाबू नका.

आता माझं खरं दुखणं, पहिली भाजणी. लोखंडी कढई, म्हणजे गामासोत, अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापवलेली असते. पान लाल पाडणारं एन्झाइम झटक्यात मरायला तेवढी धग लागतेच. आपला हात मात्र रव्यावर बसलेला: मंद आच, सावकाश परतणं.

मैत्रिणीचा नवरा, घरी उत्तम स्वयंपाक करणारा. 'कढईतलं मला शिकवू नका' म्हणाला आणि करपेल म्हणून गॅस बारीक करून घेतला. मळ्यातल्या आजी 'प्पाल्ली, प्पाल्ली' म्हणजे 'लवकर, लवकर' ओरडताहेत आणि हा त्यांना हातानंच 'शांत व्हा' सांगतोय! पानं मलूल झाली, देठ लालसर दिसायला लागले. मग घाबरून गॅस एकदम मोठा केला आणि फोटोसाठी खिशातून फोन काढला. तेवढ्यात तळ करपला. आजी काही बोलल्या नाहीत. नुसता कुंचा उचलला आणि कढई झाडून काढली.

मी सुती हातमोज्यांच्या तीन जोड्या एकावर एक चढवते. तळापासून पानं उचलायची, उधळायची, थांबायचं नाही. देठ न मोडता वाकला की बाहेर.

मग चटईवर मळणं. भाकरीचं पीठ नव्हे ते, आधी हलक्या हातानं. गुठळ्या सोडवून पुन्हा कढईत, पुन्हा मळणं. दर फेरीला आच कमी करत जायची. तुमची मंद आच शेवटच्या फेऱ्यांना वापरा, हवी तेवढी. दुसऱ्या फेरीलाच 'झालं ना?' विचारणाऱ्यांनी दुकानातून डबा घ्यावा, हे माझं स्पष्ट मत. कुणी नऊ फेऱ्या सांगतात. मी मोजत नाही, देठ कट्कन तुटला की थांबते.

'एवढासाच?' हेही नको. चार-पाच किलो पानांचा एक किलो चहा होतो. तो पूर्ण गार झाल्याशिवाय पाकिटात भरू नका.

घरी गेल्यावर उकळतं पाणी ओतू नका, सत्तर अंशांच्या आसपास पुरे. एका वहिनींनी दूध घालून, आलं किसून उकळला होता. त्यांच्याबद्दल मी लिहिणार नाही.