चिकन ड्रेसिंगच्या सांडपाण्यातून चरबी, गॅस आणि खत: या चुका टाळा

कोकणात रोज शे-दोनशे कोंबड्या कापणारं छोटं युनिट चालवणाऱ्यांसाठी हे लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक रक्ताची. ते फरशीवर सांडू द्यायचं आणि होजपाइपने गटारात ढकलायचं. घरगुती सांडपाण्याची बीओडी (घाण कुजताना पाण्यातला किती ऑक्सिजन खाते त्याचं माप) लिटरला २००-३०० मिलिग्रॅम, तर रक्ताची दीड-दोन लाखांच्या घरात. पाण्यात मिसळलेलं रक्त वेगळं करायला यंत्रं लागतात. मिसळण्याआधी एक टब पुरतो. कोंबडी शंकूत उलटी ठेवून दोन-तीन मिनिटं पूर्ण निथळू द्या. वजनाच्या ३-४ टक्के रक्त मिळतं. ते उकळून घट्ट होऊ द्या, पिळा, वाळवा. सुक्या रक्तात १२-१३ टक्के नत्र असतं, नारळ-सुपारीच्या बागेला उत्तम. पावसाळ्यात मात्र वाळवायचा हट्ट नको. चोथा पालापाचोळा आणि भाताच्या तुसात मिसळून कंपोस्टला लावा आणि नीट झाका, नाहीतर कुत्री उकरतात.

ग्रीस ट्रॅप (तरंगणारी चरबी अडवणारी टाकी) आहे, तरी चरबी सापडत नाही? मग पिसं सोलायच्या टबातलं पाणी कुठे जातं ते बघा. ५०-६० अंशांच्या पाण्याबरोबर चरबी वितळून ट्रॅपमधून पुढे जाते आणि पाइपात थिजते. ते पाणी निवल्यावरच सोडा.

तुरटीने पाणी नितळ होतं खरं, पण गाळात ॲल्युमिनियम भरतं. असा गाळ पशुखाद्याला चालत नाही. आपल्या आम्ल जांभ्या मातीत स्फुरद आधीच अडकून बसतं. ॲल्युमिनियमने ते आणखी अडकतं, म्हणून तिथे हा गाळ टाकायला माझा ठाम विरोध आहे. कोळंबीच्या टरफलांपासून बनणारं कायटोसान हेच काम करतं. कोळंबी सोलणाऱ्या आपल्या किनाऱ्यावर त्याचा विचार व्हायलाच हवा.

हे सांडपाणी ज्यात सोडता त्या गोबर गॅसच्या टाकीला आंबूस वास, फेस, गॅस बंद: चरबी जास्त झाली. भरणा थांबवा, काही दिवस फक्त शेणकाला घाला. ब्लीचिंग पावडरचं पाणी आणि छपराचं पावसाचं पाणी टाकीत कधीच नको.

टाकीतून बाहेर पडणाऱ्या पाण्यात नत्र आणि स्फुरद मोकळं असतं. मॅग्नेशियम घालून सामू (पीएच) ८.५-९ ठेवला की स्ट्रुव्हाइटचे (मॅग्नेशियम, नत्र आणि स्फुरद मिळून बनणाऱ्या क्षाराचे) खडे तळाला बसतात. हे सावकाश विरघळणारं खत. शिरोड्यासारख्या मिठागरात मीठ उचलल्यावर जे कडू पाणी उरतं, त्यात मॅग्नेशियम भरपूर असतं. कच्च्या सांडपाण्यावर हा प्रयोग केला तर हाती फारसं लागत नाही, कारण तिथे नत्र-स्फुरद बरंचसं प्रथिनांत आणि चोथ्यात बांधलेलं असतं. खडे फार बारीक राहून पाण्याबरोबर वाहून जात असतील, तर ढवळणं मंद करा आणि जुने थोडे खडे बियाण्यासारखे आत टाका.