कूम्ब्स कंट्रोल सेल्स चिकटतच नव्हत्या: माझा अनुभव

वीक डी चाचणीत लाल पेशींवरचा कमकुवत आरएच-डी शोधतात: पेशींना अँटी-डी (डी-विरुद्धची प्रतिपिंडं) लावायची, न चिकटलेली धुऊन काढायची, मग अँटी-ह्यूमन ग्लोब्युलिन (एएचजी, प्रतिपिंडं चिकटलेल्या पेशींची गुठळी करणारं द्रव्य) टाकायचं. ते टाकल्यावर ट्यूब निगेटिव्ह, म्हणजे गुठळी नाही. पुढे कंट्रोल सेल्स (आधीच प्रतिपिंडं लावलेल्या पेशी; एएचजी काम करत असेल तर यांची गुठळी व्हायलाच हवी) टाकल्या तर तिथेही गुठळी नाही. म्हणजे ते निगेटिव्ह ग्राह्यच नाही, चाचणी पुन्हा करायची. आठवडाभर हे चालू होतं, अगदी जीव मेटाकुटीला आला.

एएचजीची नवी बाटली उघडली, कंट्रोल सेल्सचा लॉट बदलला. फरक शून्य. मग स्वच्छ ट्यूबमध्ये फक्त एएचजी आणि कंट्रोल सेल्स एकत्र केल्या, तर लगेच ठसठशीत गुठळी. रीएजंट चांगले होते, दोष धुण्यात होता. नीट न धुतल्याने राहिलेल्या अँटी-डीने एएचजी आधीच निकामी होत होतं.

धुताना नीट पाहिलं. तळाशी पेशींचं बटन तसंच घट्ट बसलेलं आणि आम्ही वरून सलाईन ओतत होतो. शिवाय ट्यूबच्या तोंडावर बोट ठेवून हलवत होतो. बोटावरची प्रथिनंही एएचजी निकामी करू शकतात.

आता हा क्रम: आधी ट्यूब हलवून बटन पूर्ण मोकळं करायचं. मग सलाईन जोरात सोडून ट्यूब पाऊण भरायची, बोट लावायचं नाही. सेंट्रिफ्यूज करून एका झटक्यात ओतायचं. असं चार वेळा. शेवटच्या वेळी ट्यूब उलटी असतानाच तिची कड टिपकागदाला टेकवायची, कारण तो शेवटचा थेंबच एएचजी पातळ करतो. लगेच एएचजी, मध्ये फोनसुद्धा घ्यायचा नाही. सेंट्रिफ्यूज, वाचन, निगेटिव्ह असेल तर कंट्रोल सेल्स, पुन्हा सेंट्रिफ्यूज.

पहिल्याच दिवशी सगळ्या निगेटिव्ह ट्यूबमध्ये कंट्रोल सेल्स चिकटल्या.