परदेशी निघालात? इंग्रजी उपासना आधीच शोधून ठेवा

माझी भाची नर्सिंगच्या नोकरीसाठी सोलापूरहून जर्मनीला गेली. बॅगेत शेंगाचटणी, कडक भाकरी, मराठी गीतपुस्तक, सगळं होतं; रविवारची उपासना कोणत्या चर्चमध्ये करायची हे मात्र कोणीच विचारलं नव्हतं. पहिले तीन रविवार ती खोलीतच बसून राहिली, फोनवर रडली.

आपली मंडळी, म्हणजे आपलं स्थानिक चर्च, उत्तर भारतीय चर्चची (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) असेल, तर काम सोपं आहे. १९७० साली स्थापन झालेलं हे चर्च जगभरच्या अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडशी नातं असलेल्या चर्चच्या, परिवारात मोडतं. म्हणून शहराच्या नावापुढे ‘अँग्लिकन चर्च, इंग्लिश सर्व्हिस’ असं शोधा. बर्लिन, म्युनिक, फ्रँकफर्टला अशा मंडळ्या आहेत. काही मंडळ्या दुसऱ्यांच्या इमारतीत भरतात आणि वेळ दुपारची असते, त्यामुळे सकाळी दार बंद दिसलं तरी परतू नका, आधी ईमेल करा. पाळकसाहेबांकडून बाप्तिस्मा, दृढीकरण (कन्फर्मेशन) आणि सभासदत्वाचं पत्र इंग्रजीत घेऊन जा.

आणि हो, जर्मनीत सरकारी कार्यालयात पत्ता नोंदवताना धर्माच्या रकान्यात प्रोटेस्टंट किंवा कॅथलिक लिहिलं, की पगारातून चर्चकर कापला जातो, आयकराच्या ८ किंवा ९ टक्के. खोटं लिहू नका, पण घरखर्चाच्या हिशेबात तो धरून चाला.