पॉन्टून बोट निवडताना आधी आई-बाबांचे गुडघे बघा

मिनेसोटात उन्हाळा आला की मराठी घरांत हा विषय निघतोच: भारतातून आई-बाबा आलेत, मुलांना सुट्टी आहे, तळ्यावर पॉन्टून कुठली घ्यायची? दोन लांब नळकांड्यांवर सपाट डेक, भोवती कठडा, आत सोफे, मागे इंजिन. या बोटीचा जन्मही इथलाच. १९५२ साली रिचमंड गावच्या अँब्रोज वीरेस या शेतकऱ्याने लोखंडी पिंपं जोडून त्यांवर लाकडी डेक बसवला होता.

१. माणसं मोजा. बोटीवर किती माणसं आणि किती वजन चालेल, याची पाटी लावलेली असते. वीस-बावीस फुटी बोटीवर साधारण आठ ते बारा माणसांचा आकडा दिसतो. मी त्यातून दोन वजा करते. बर्फाची पेटी, पिशव्या आणि झोपलेलं पोर यांनाही जागा लागते.

२. नळकांडी दोन की तीन? लहान, शांत तळ्यावर संथ फेरफटका मारायचा तर दोन पुरतात. मिनेटोंकासारख्या मोठ्या तळ्यावर शनिवारी दुपारी इतर बोटींच्या लाटाच इतक्या असतात की तिसऱ्याचे जादा पैसे सार्थकी लागतात. आमची पहिली बोट दोन नळकांड्यांची होती. लून पक्षी दिसला म्हणून नऊही जण फोन घेऊन पुढे धावले, बोटीचं नाक खाली गेलं आणि पाणी थेट थालीपिठांच्या डब्यात! माणसं आधी विभागून बसवायची, हे तेव्हा कळलं.

३. इंजिन. नुसतं फिरायला बावीस फुटी बोटीला ९० हॉर्सपॉवर पुरे. मुलांना रबरी ट्यूबवर बसवून ओढायचं असेल तर ११५ घ्या. त्याहून मोठ्याचा मोह बहुतेकदा विक्रेत्याचा असतो.

४. आता गुडघे. धक्क्याला लागलेल्या बोटीत आईला स्वतः चढून-उतरून बघू द्या. फाटक रुंद आहे का, धक्का आणि डेक यांत केवढी पायरी पडते, धरायला कठडा हाताशी येतो का, हे तिलाच कळेल. पोहणाऱ्यांसाठी मागची शिडी पाण्यात खोल जाणारी हवी. डेकवर गालिचा नको; ओला राहून कुबट वास मारतो, त्यापेक्षा व्हिनाइल बरं. आणि वरचं छत मोठं घ्या, पाण्यावरून परतणारं ऊनही लागतं.

५. लाइफ जॅकेट माणशी एक, मापाचंच. मिनेसोटात बोट चालू असताना दहा वर्षांखालच्या मुलांनी ते घातलेलंच असलं पाहिजे. बोट निघाली की पुढच्या फाटकाबाहेर पाय सोडून कुणालाही बसू देऊ नका. तिथून पडलेला माणूस थेट बोटीखाली, इंजिनच्या पंख्याच्या वाटेत जातो. त्यामुळे फाटकाची कडी घट्ट बसते ना, हे बोट घेतानाच ओढून बघा.

६. विकत घेण्याआधी दोन आणि तीन नळकांड्यांची, अशा दोन्ही प्रकारच्या बोटी एकेक दिवस भाड्याने चालवा, तेही सगळं घर बरोबर घेऊन. वारा असलेली दुपार निवडा. उंच कठड्यांमुळे पॉन्टून वाऱ्यावर सरकते. ती धक्क्याला लावताना तुमची किती तारांबळ उडते, ते त्याच दिवशी समजेल.