मुलाचा सीटी स्कॅन सांगितलाय? रेडिएशन कमी कसं ठेवायचं

डॉक्टरांनी सीटी म्हटलं की आईबापाच्या पोटात गोळा येतो आणि मग रात्रभर मोबाईलवर शोधाशोध. तर आधी आकडे बघू. निसर्गातूनच आपल्याला वर्षाला सरासरी 2.4 मिलिसिव्हर्ट (रेडिएशन मोजायचं माप) रेडिएशन मिळतं, आणि लहान मुलाच्या डोक्याचा नीट सेट केलेला एक सीटी साधारण 2 च्या आसपास जातो. 2012 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात ब्रिटनमधल्या मुलांचा मोठा अभ्यास आला होता, त्यांचा अंदाज असा की 10 वर्षांखालच्या मुलांच्या दर 10,000 डोक्याच्या सीटीमागे पुढच्या दहा वर्षांत ल्युकेमियाची (रक्ताच्या कॅन्सरची) एक आणि ब्रेन ट्यूमरची एक केस जास्तीची होते. म्हणजे धोका छोटा आहे, पण शून्य नाही.

पहिली स्टेप, आणि माझ्या मते निम्मं काम इथंच होतं: स्कॅन लागतोच का ते विचारा. सरळ विचारायचं, "डॉक्टर, याच्या रिपोर्टवरून ट्रीटमेंट बदलणार आहे का? सोनोग्राफी किंवा एमआरआयवर भागेल का?" अपेंडिक्सची शंका असेल तर बहुतेक वेळा आधी सोनोग्राफीच करतात. डोक्याला मार लागला असेल तर 2009 मध्ये अमेरिकेत 42,000 हून जास्त मुलांवरून नियम ठरवलेत, दोन वर्षांवरच्या मुलाची शुद्ध गेली नाही, उलटी नाही, वागणं नॉर्मल, डोकं फार दुखत नाही, मार जोराचा नाही, कवटीच्या तळाला फ्रॅक्चर झाल्याची खूण नाही, तर सीटी न करता काही तास नजरेखाली ठेवलं तरी चालतं (दोन वर्षांखालच्यांचे नियम वेगळे, आणि हे डॉक्टरांनीच ठरवायचं, आपण घरी बसून नाही). पण पोरगं गुंगीत असेल, सारखं उलट्या करत असेल तर तिथं रेडिएशनचा वाद घालत बसू नका, स्कॅन होऊ द्या.

मग जुने सगळे रिपोर्ट आणि सीडी पिशवीत टाका. दुसऱ्या हॉस्पिटलात गेलं की "आमच्याकडे परत काढू" असं होतं, आणि ते निव्वळ सीडी घरी राहिली म्हणून.

सेंटरवर गेल्यावर टेक्निशियनला दोनच गोष्टी विचारा. एक, मुलांचा प्रोटोकॉल (मुलांसाठीचं मशीनचं सेटिंग) लावताय ना? मोठ्या माणसाला बऱ्याचदा 120 केव्ही (किलोव्होल्ट, म्हणजे एक्स-रे नळीचा व्होल्टेज) लावतात, बारीक अंगाच्या मुलाला कित्येकदा 80 किंवा 100 पुरतं, आणि बाकी सेटिंग तेच ठेवून 120 चं 80 केलं तर डोस निम्म्याहून खाली येतो. दुसरं म्हणजे किती फेज घेणार, म्हणजे तोच भाग किती वेळा स्कॅन करणार? आधी साधा आणि मग कॉन्ट्रास्ट (फोटोत भाग उठून दिसावा म्हणून द्यायचं औषध) देऊन परत, असं केलं की डोस जवळपास डबल, आणि मुलांना बहुतेक वेळा एकच फेज पुरते.

आता न हलण्याचं. हलला की फोटो धूसर आणि परत काढा. मशीन काही सेकंदातच स्कॅन उरकतं, म्हणून मोठ्या मुलाला घरी "पुतळा-पुतळा" खेळवून ठेवा, तान्हं असेल तर दूध पाजून गुंडाळून झोपवलं की कित्येकदा भुलीचं औषधही लागत नाही (कॉन्ट्रास्ट किंवा भूल द्यायची असेल तर उपाशी किती वेळ ठेवायचं ते मात्र आधी विचारा). आत सोबत थांबणाऱ्याला लेड ॲप्रन देतात, आणि आई गरोदर असेल तर दुसऱ्या कुणीतरी थांबायचं.

मुलाच्या अंगावर लेड टाकला नाही म्हणून भांडू नका. आतली बरीचशी विखुरलेली किरणं शरीरातूनच येतात, वरून झाकून फारसं काही होत नाही, उलट लेड स्कॅनच्या भागात आलं तर मशीन आपणहून डोस वाढवू शकतं.

निघताना डोसचं पान मागून घ्या, त्यावर सीटीडीआय (मशीनने दिलेल्या डोसची तीव्रता) आणि डीएलपी (स्कॅनची लांबी धरून एकूण डोस) असे आकडे असतात. ते शेजारच्या मुलाच्या आकड्यांशी ताडून घाबरू नका, कारण ते मुलाच्या अंगावरून नाही तर मोजमापासाठीच्या 16 किंवा 32 सेंटिमीटर व्यासाच्या प्लास्टिकच्या सिलिंडरवरून काढलेले असतात, आणि कुठला सिलिंडर धरलाय त्यावर तोच स्कॅन दुप्पटही दिसू शकतो. पान फक्त फाईलला लावा, तारीख घालून.