ऑफिससाठी इन्व्हर्टर-बॅटरी घेताय? आधी लोड मोजा

कराडात माझं इलेक्ट्रिकलचं दुकान आहे. ऑफिसवाले येतात आणि थेट विचारतात, "दादा, दीडशेची बॅटरी पुरेल ना?" म्हणजे १५० अँपिअर-तासांची. मी उलट विचारतो, लाइट गेल्यावर काय काय चालू राहायला हवं आणि किती वेळ? याचं उत्तर मिळेपर्यंत मी बॅटरीचा भाव सांगत नाही. कमी पडणारी बॅटरी नेमकी कामाच्या गर्दीतच कमी पडते, आणि तेव्हा गिऱ्हाइकाचे पैसेही गेलेले असतात आणि कामही.

एका करसल्लागार ताईंच्या ऑफिसचा हिशोब मांडतो. त्यांना दर महिन्याच्या २० तारखेला जीएसटीआर-३बी, म्हणजे जीएसटीचे महिन्याचे रिटर्न, भरायचे असतात, त्या दिवशी लाइट गेली तरी माणसं खुर्चीवरून उठत नाहीत. ताईंनी सांगितलं, तीन तास निघायला हवेत. हा आकडा मालकानेच ठरवायचा. तुमच्या भागात लाइट साधारण किती वेळ जाते ते बघा आणि त्यातला वाईट दिवस धरा, सरासरी नको.

आता लोड. वस्तूच्या लेबलवर जाऊ नका. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायवर ४५० वॅट छापलेलं असतं, पण टॅली आणि ब्राउझर चालवणारा डेस्कटॉप मॉनिटरसकट ९०-१०० वॅटच्या आसपासच घेतो. क्लॅम्प मीटर (तारेभोवती अडकवून करंट मोजणारा) नसेल तर तुमचा विजेचा मीटरच मोजून देतो. त्यावर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी '३२०० इम्पल्स प्रति युनिट' असं काहीतरी लिहिलेलं असतं. म्हणजे दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. एसी, गीझर, पंप बंद करा, लाइट गेल्यावर जे हवं तेवढंच चालू ठेवा आणि मोबाइलवर एक मिनिट लावून लुकलुक मोजा. ताईंच्याकडे ४० आली. ४० गुणिले ६० भागिले ३२००, म्हणजे ०.७५ किलोवॅट. मीटरवरचा आकडा वेगळा असेल तर ३२०० च्या जागी तो घ्या.

कागदावर जुळवून बघितलं: चार कॉम्प्युटर ३६० वॅट, पाच एलईडी ट्यूब १००, तीन जुने पंखे २२५, राउटर आणि नेटवर्क स्विच २०, कॅमेरे व डीव्हीआर ३५. एकूण ७४०. लेसर प्रिंटर यात मुद्दाम धरला नाही. त्याचा आतला रोलर तापतो तेव्हा तो ८००-१००० वॅटचा झटका देतो, इन्व्हर्टर ओव्हरलोड दाखवून बंद पडतो आणि चारही कॉम्प्युटर एकदम जातात. तो साध्या लाइनवरच ठेवा. प्रिंट काढायचीच असेल तर इंक टँकवाला प्रिंटर इन्व्हर्टरवर बिनघोर चालतो.

७४० वॅट तीन तास म्हणजे २२२० वॅट-तास. इन्व्हर्टर स्वतः थोडं खातो, म्हणून ०.८५ ने भागा: सुमारे २६१०. लेड-ॲसिड ट्युब्युलर बॅटरी निम्मीच वापरायची असं धरा, म्हणजे ५२२०. निम्मी दोन कारणांनी. रोज तळापर्यंत रिकामी केली तर ती लवकर जाते. शिवाय बॅटरीवर छापलेले अँपिअर-तास बहुधा २० तासांत सावकाश काढल्यावर मिळणारे असतात. तीन तासांत ओढलं तर तेवढे मिळत नाहीत. वर बॅटरीच्या म्हातारपणासाठी ०.८ ने भागा, कारण मला चौथ्या वर्षीही तीन तास हवेत. झाले ६५३०. १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडल्या की २४ व्होल्ट होतात, त्या चोवीसने भागलं तर २७२ अँपिअर-तास. दोन बॅटऱ्यांत हे बसत नाही, दीडशेच्या चार, म्हणजे दोन जोड्या लागतात.

इथे मी बॅटरी सोडून पंख्यांकडे बघितलं. ७५ वॅटच्या जागी ३० वॅटचे बीएलडीसी पंखे लावले की लोड ६०५ वर येतो. तोच हिशोब पुन्हा केला तर २२२ अँपिअर-तास, म्हणजे २२० च्या दोन बॅटऱ्यांत काम झालं. तीन पंख्यांचा खर्च एका बॅटरीपेक्षा कमी, आणि बिल रोज वाचतं ते वेगळं. बॅटरी वाढवण्याआधी लोड कमी करा, हे मी प्रत्येकाला कळकळीने सांगतो.

इन्व्हर्टर मोठा घेतला म्हणून बॅकअप वाढत नाही. एका वेळी किती लोड उचलायचा ते इन्व्हर्टर ठरवतो, किती वेळ उचलायचा ते बॅटरी. ६०५ वॅटसाठी २४ व्होल्टचा, १५०० व्हीएच्या आसपासचा, साइन वेव्हवाला घ्या आणि यूपीएस मोडवर ठेवा, म्हणजे कॉम्प्युटर रिस्टार्ट होणार नाहीत.

चार्जिंगचं कुणी विचारतच नाही. तीन तासांत सुमारे ९० अँपिअर-तास गेले; १५ अँपिअरचा चार्जर ते भरायला सात-आठ तास घेतो. सकाळी दोन तास आणि दुपारी पुन्हा दोन तास लाइट जात असेल तर दुपारची बॅटरी अर्धवट भरलेली असते. अशा ठिकाणी लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी परवडते: जास्त खोलवर वापरता येते, लवकर भरते, पाणी घालायला नको. याच लोडला २५.६ व्होल्ट १०० अँपिअर-तासांचा पॅक नवा असताना जेमतेम पुरतो, म्हणून एक माप वरचा घ्या. इन्व्हर्टरला लिथियमची सेटिंग आहे का ते आधी बघा.

वायरिंगमध्ये इन्व्हर्टरचा न्यूट्रल (करंट परत नेणारी तार) वेगळाच आणा. दुसऱ्या सर्किटच्या न्यूट्रलमध्ये मिसळला तर आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, उगाच पडत राहतो. बॅटरी हवेशीर जागी ठेवा, चार्जिंगला हायड्रोजन निघतो. उन्हात तापणाऱ्या भिंतीला टेकवू नका, उष्णतेने आयुष्य झपाट्याने घटतं.

बसवल्यावर एखाद्या शनिवारी मेन बंद करून तीन तास खरंच चालवा. शेवटी लोड चालू असतानाच दोन्ही बॅटऱ्यांचं व्होल्टेज मल्टिमीटरने मोजा आणि तारखेसकट मार्करने बॅटरीवर लिहून ठेवा. सहा महिन्यांनी पुन्हा तसंच करा. दोघींत अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक दिसला तर एक आतून बसत चालली आहे. तेव्हा एकच नवी आणून जुनीला जोडू नका, नवीही तिच्याबरोबर खराब होते. जोडी एकदम बदला, आणि जुन्या बॅटऱ्या परत देताना त्यांच्या वजनाचे पैसे बिलातून वजा करून घ्या.