आधी पाहणे, मग गोष्ट : लहान मुलांसाठी घरचे निसर्ग-उपक्रम

तीन ते सहा वर्षांच्या मुलांना निसर्गाची ओळख करून द्यायची म्हणजे झाडांची आणि प्राण्यांची नावे पाठ करून घ्यायची, असा समज बराच रुळलेला आहे. नावे ओघाने येतातच, त्यांची घाई नको. डोळ्यांदेखत काही बदलताना दिसले की या वयाचे मूल आपोआप बोलू लागते आणि बोलता बोलता गोष्ट रचते. म्हणून घरी उपक्रम आखताना आधी पाहणे, मग सांगणे आणि शेवटी ते मोठ्यांनी लिहून घेणे, हा क्रम ठेवावा.

सुरुवात बी रुजवण्यापासून करावी, कारण त्यातला बदल जवळजवळ रोज दिसतो. राजम्याचे किंवा घेवड्याचे पाच-सहा दाणे रात्रभर पाण्यात भिजवावेत. काचेच्या ग्लासात आतून टीपकागद गुंडाळून बसवावा, तो ओला करावा आणि काच व कागद यांच्यामध्ये दाणे असे खोचावेत की ते बाहेरून स्पष्ट दिसतील. तळाशी थोडे पाणी पुरे. दाणे बुडाले तर त्यांना हवा मिळत नाही आणि ते कुजतात. कच्चा राजमा पोटात गेल्यास विषबाधा होऊ शकते आणि दाणा नाकात किंवा घशात अडकण्याचीही भीती असते, त्यामुळे दाणे हाताळताना मोठ्या माणसाने जवळ बसलेच पाहिजे.

उबदार हवेत काही दिवसांतच बीचे साल फुटते. आधी मूळ बाहेर येते, कोंब नंतर. मूळ बोटाच्या पेराएवढे झाले की ग्लासातले पाणी ओतून टाकून तो आडवा ठेवावा आणि कागद मात्र ओला राखावा. एक-दोन दिवसांत मुळाचे टोक पुन्हा जमिनीकडे वळलेले दिसते. ‘त्याला खालची बाजू कशी कळली?’ हे मुलाने विचारेपर्यंत धीर धरावा. न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मुले ऐकत नाहीत. विचारल्यावर मात्र खरे उत्तर द्यावे : मुळाच्या टोकात पिठाचे अगदी बारीक, जड कण असतात, ते खाली बसतात आणि त्यावरून मुळाला दिशा कळते. चार वर्षांच्या मुलाला एवढे नक्की समजते.

असाच दुसरा ग्लास बंद कपाटात ठेवावा आणि आत काय होईल याचा अंदाज मुलाकडून आधीच वदवून घ्यावा. तिथे काहीच उगवणार नाही, असे मोठ्यांनाही वाटते. प्रत्यक्षात अंधारातले रोप उजेडातल्या रोपापेक्षा उंच, पण पिवळट आणि लुकडे निघते. बीमध्ये साठवलेले अन्न वापरून ते उजेडाच्या शोधात वाढलेले असते. इथे गोष्ट जवळजवळ तयारच मिळते.

मुंग्यांची रांग हा दुसरा चांगला विषय आहे. चावऱ्या मुंग्या टाळून, साखरेचे चार कण ठेवून रांग लागू द्यावी आणि मग मोठ्या माणसाने रांगेच्या वाटेवरून मुंग्यांना न चिरडता ओले बोट आडवे फिरवावे. मुंग्या तिथे येऊन गोंधळतात, कारण पुढच्या मुंगीने सोडलेल्या वासाचा माग त्या ठिकाणी पुसलेला असतो. काही वेळाने त्या वाट पुन्हा जुळवतात. सावलीचा उपक्रम तर याहून सोपा आहे : मुलाला एकाच जागी सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी उभे करून त्याच्या सावलीची कड खडूने आखावी. सूर्याकडे थेट पाहायचे नाही, हे आधी बजावावे.

यानंतर गोष्टीकडे वळावे. ‘आता गोष्ट सांग’ असे म्हटल्यावर बहुतेक मुले गप्प होतात, त्यामुळे तीनच प्रश्न विचारावेत : गोष्ट कोणाची आहे, त्याला काय हवे आहे आणि आडवे काय आले? कपाटातल्या रोपाला उजेड हवा आहे आणि दार बंद आहे. मुंगीला घरी जायचे आहे आणि वाट हरवली आहे. हवे तर खडे, काड्या आणि गळलेली पाने यांना पात्रे करून प्रसंग जमिनीवर मांडावा. मूल सांगेल ते त्याच्याच शब्दांत, व्याकरण न सुधारता लिहून घ्यावे आणि लगेच शब्दांखाली बोट फिरवत वाचून दाखवावे. आपले बोलणे कागदावर उतरते आणि तिथून जसेच्या तसे परत वाचता येते, हा अनुभव अक्षरओळखीच्या कोणत्याही तक्त्यापेक्षा मोलाचा आहे, असे माझे मत आहे.

मुंगी रडली, असे मूल सांगेल. तिथे टोकू नये. पण पाहिलेले आणि रचलेले यांची सरमिसळही होऊ देऊ नये. त्यासाठी वहीच्या डाव्या पानावर प्रत्यक्ष दिसलेल्याचे चित्र काढायला लावावे आणि उजव्या पानावर गोष्ट लिहावी. ‘हे कोणत्या पानावर जाईल?’ एवढे विचारले की पाच-सहा वर्षांची मुले स्वतःच वाद घालू लागतात. तीन वर्षांच्या मुलाकडून ही अपेक्षा ठेवू नये. त्याच्यासाठी एकच पान आणि एकच वाक्य पुरे.

तीच गोष्ट पुन्हा पुन्हा वाचण्याचा हट्ट झाला तर तो पुरवावा. मात्र दर वेळी ठरावीक वाक्याआधी थांबून ते मुलाला पूर्ण करू द्यावे आणि ते तोंडी बसल्यावर शेवट बदलून पाहायला सांगावे.